लपव्यांनी दडवलेलं घर

लपवे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथेच पडून राहिलं. सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी डोंगरउतारावर छोटी छोटी कॉटेज बांधायची, आणि ती अशी की झाडीत घर आहे याचा कुणाला पत्ता लागू नये, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. कामावरच्या सुतारमामांनी एकदा गमतीत ‘लपवे’ म्हटलं आणि ते नाव असं काही चिकटलं की बँकेतला शिपाईदेखील त्याच नावाने हाक मारायला लागला.

माणूस अंगाने काटक, बोलायला तुटक. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी जागेवर नुसते बसून राहायचे. पाणी कुठून उतरतं, ऊन आधी कुठल्या खोडाला लागतं, जनावरांची पायवाट कुठून जाते, सगळं बघून घ्यायचे. मग घर उतारात असं बसवायचे की मागच्या अंगाला छप्पर थेट जमिनीला मिळावं. छपरावर माती, मातीवर गवत. भिंतीच्या फळ्यांना रंग म्हणून नाही. ऊनपाऊस खाऊन त्या आपोआप राखाडी व्हायच्या, खोडांच्या रंगात मिसळून जायच्या. मध्ये झाड आलं तर भिंत वाकायची, झाड नाही.

“साहेब, या झाडापायी माझा काटकोन गेला,” सुतारमामा कुरकुरायचे.

“जाऊ दे. काटकोन कुणाला सावली देत नाही.”

घर पुरं झालं की लपवे दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर जायचे आणि तिथून आपलंच घर शोधत बसायचे. नजरेला लागलं, की तिथूनच सुतारमामांना फोन. “सापडलं.” एवढा एकच शब्द. सापडलं म्हणजे नापास. मग कुठे वेल चढव, कुठे काच आत घे, असं पुन्हा सुरू. हळूहळू तो शब्द कामावर शिवीसारखा झाला. कुणाचा खिळा वाकडा गेला, “सापडलं!” कुणाची भाजी करपली, “सापडलं!” नवीन आलेल्या गवंड्याला दोन दिवस वाटत होतं, या लोकांचं नक्की हरवलंय तरी काय.

लपव्यांनी लग्न केलं नाही. घरचं माणूस म्हणावं तर दादा आणि वहिनी. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच धाकट्याला वाढवलं. ते शहरात बस चालवायचे. नातेवाईक म्हणायचे, पोराला हाताशी घे, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? दादा म्हणायचे, “छोट्याला काढू दे चित्रं. घरात एक तरी बसून काम करणारा हवा. मीही बसूनच करतो म्हणा, पण माझी बैठक हलते.” छोट्याचे केस पिकले तरी दादांच्या तोंडी तो छोट्याच.

निवृत्तीनंतर दादांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग नावं, मग एक दिवस घरच्या चपलेवर थेट आगारात जाऊन उभे. “माझी गाडी कुठे लावली?” त्यानंतर दोनदा वाहतूक पोलिसांनी त्यांना घरी आणून सोडलं. वहिनींनी दाराला आतून कुलूप लावलं, तर दादा संध्याकाळभर दारावर मुठी आपटत राहायचे, “मला घरी जाऊ द्या.” शेजारपाजारचे जिन्यात भेटले की वहिनींकडे बघायचे नाहीत. शेवटी वहिनी शहराबाहेरची एक संस्था बघून आल्या. स्वच्छ होती, माणसं बरी होती, आणि प्रत्येक दाराला कुलूप होतं. एक जागा रिकामी होत होती. ते लोक होकाराची वाट बघत होते.

“भावजी, मला यांना कुलपात ठेवायचं नाही,” वहिनी फोनवर म्हणाल्या. “पण माझे गुडघे आता यांच्यामागे धावत नाहीत.”

लपवे मालकीणबाईंकडे गेले. डोंगर त्यांचा, कॉटेजही त्यांची. वाटेच्या टोकाचं शेवटचं कॉटेज लांब पडतं म्हणून पाहुणे नाक मुरडायचे. लपव्यांना मात्र ते जिवापाड आवडायचं. दरीपल्याडून ते त्यांना स्वतःलाही कधी दिसलं नव्हतं.

“राहू देत त्यांना,” मालकीणबाई म्हणाल्या. “फक्त बाहेर दोरीवर कपडे नकोत हं, लपवे.”

दादा डोंगरावर आले आणि निवळले. गाड्या नाहीत, गोंगाट नाही, दाराला कुलूप नाही. सकाळी वाटेच्या वळणावरच्या बाकावर जाऊन बसायचे, वहिनी हात धरून परत आणायच्या. कित्येक महिन्यांनी वहिनी दुपारच्या लवंडल्या. म्हणाल्या, “इथे यांना मोकळं सोडता आलं ना, तर संस्थेला नाही म्हणून कळवून टाकते.” लपव्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपण बांधलेल्या घराचा पहिल्यांदाच आपल्या माणसाला उपयोग होतोय, असं त्यांना वाटलं.

आणि मग ती दुपार आली. वहिनींचा डोळा लागला. जाग आली तर खुर्ची रिकामी, दार उघडं.

एकच पळापळ झाली. सुतारमामा वरच्या रानात गेले, गवंडी रस्त्याकडे धावला. लपवे सरळ खाली ओढ्यावर गेले, कारण त्यांच्या मनात पहिलं पाणीच आलं. दादा परत आले तर घरात कुणीतरी हवं म्हणून वहिनींना घरीच थांबवलं. हाताला चाळा हवा म्हणून त्या भाजी निवडत बसल्या. डोक्यावर छपरात धप धप झालं. शेळ्या गवत खायला चढल्या असाव्यात, असं त्यांना वाटलं. आधीच जीव टांगलेला, त्यात ही कटकट. त्यांनी केरसुणीची मूठ छताला ठोकली आणि ओरडल्या, “हाड! हाड!”

उन्हं कलली. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या लपव्यांना वरून सुतारमामांची आरोळी ऐकू आली, “सापडले! साहेब, सापडले!”

इतक्या वर्षांची सवय. तो शब्द कानावर पडताच त्यांना आधी वाटलं, काहीतरी चुकलं. मग अर्थ लागला आणि ते चढ धावत सुटले.

दादा छपरावर बसले होते. स्वतःच्याच घराच्या छपरावर, गवतात मांडी घालून. एक चप्पल पायात, एक शेजारी. मागच्या उतारावरून चालत आले, जमीन संपून छप्पर कुठे सुरू झालं ते त्यांना कळलंच नाही. कुणालाही कळलं नसतं. तशीच तर ती करामत होती.

“छोट्या, आलास का रे?” दादांचा आवाज बारीक झाला होता. “इथे कुठे घरच नाही. तिचा आवाज येतोय. हाड हाड म्हणतेय मला. पण घर दिसत नाही रे.”

वहिनी बाहेर आल्या, मान वर करून बघितलं आणि त्यांना आधी हसू फुटलं. मग पायरीवर बसल्या त्या बसल्याच. दादांना खाली आणून, हातपाय धुऊन खाटेवर निजवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “भावजी, घर फार सुंदर बांधलंत. पण मी उद्या संस्थेला हो म्हणते.”

“थोडे दिवस द्या, वहिनी.”

“थोड्या दिवसांनी हे बरे होणार आहेत का?”

“ते नाही. मी घर बिघडवतो.”

सुतारमामांना आधी थट्टाच वाटली. “रंग? साहेब, आपल्याकडे रंगाचा ब्रशसुद्धा नाही.” शहरातून चुना आणला. दर्शनी भिंत पांढरीफटक केली आणि दार झेंडूसारखं पिवळं. वर्षानुवर्षं जोपासलेले वेल ओढून काढले. छपराच्या मागच्या कडेला कुंपण घातलं, म्हणजे उतारावरचा पाय तिथे थांबेल. एवढं करूनही बाकावर बसलं की दार दिसेना. मध्ये झाड होतं. त्याच्यासाठीच तर लपव्यांनी भिंत वाकवली होती.

लपवे त्या झाडाशी बराच वेळ उभे राहिले. मग सुतारमामांकडे न बघता म्हणाले, “काढा.”

“साहेब, फांद्या छाटू का नुसत्या?”

“काढा म्हटलं ना.”

सुतारमामांनी करवत आणली. कामावरच्या कुणीच त्या दिवशी थट्टा केली नाही.

मालकीणबाई आल्या त्या तणतणतच. “हे काय करून ठेवलंय? समोरच्या डोंगरावरून बोळक्या तोंडातल्या एकुलत्या दातासारखं दिसतंय! लोक आपल्याकडे कशासाठी येतात, लपवे?”

“घरं दिसत नाहीत म्हणून.”

“मग?”

“बाई, माझ्या भावालाही दिसत नव्हतं.”

बाईंनी दाराकडे बघितलं. दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांना नमस्कार केला. जाता जाता म्हणाल्या, “हे जाहिरातीतून काढून टाकते. राहू देत त्यांना. तुमच्या पुढच्या कामांचं... बघू.” लपव्यांना त्या ‘बघू’चा अर्थ कळला. त्यांनी मान हलवली.

चुना सुकल्यावर एका सकाळी दादांना बाकावर बसवलं. वहिनी आत खिडकीच्या आडोशाला, लपवे लाकडांच्या ढिगामागे. हाक मारायची नाही, असं ठरलं होतं. दादा बराच वेळ बसून राहिले. मग उठले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मागच्या उताराला लागले. लपव्यांनी ढिगावरचं एक लाकूड घट्ट धरलं. कुंपणाशी दादा अडले, त्यावरून हात फिरवला, वळले. पुन्हा बाकाच्या बाजूला आल्यावर त्यांना ती पांढरी भिंत दिसली असावी. पावलं जरा भरभर पडायला लागली.

दार उघडंच होतं, तरी ते पायरीखाली थांबले. कडी वाजवली.

“बाई, पाणी मिळेल का?”

वहिनींनी दाराची चौकट धरली. क्षणभराने म्हणाल्या, “मिळेल की. या, आत या.”

दादांनी परक्याच्या घरी काढाव्यात तशा चपला ओळीत काढल्या आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले. लपवे मागोमाग आत आले, तर त्यांना बघून किंचित सरकले, जागा करून दिली. “घर लांबून दिसलं यांचं,” त्यांना सांगितलं. “म्हटलं, माणसं असतील.” मग पाणी पिऊन उठायला लागले. “निघतो. आमची ही वाट बघत असेल.”

“बसा हो. तिला कळवलंय,” वहिनी म्हणाल्या.

दादा बसले. वहिनी खिडकीशी गेल्या आणि फोन लावला. “ती जागा दुसऱ्या कुणाला द्या,” त्या संस्थेच्या माणसाला म्हणाल्या. “नाही, बरे नाही झाले. होणारही नाहीत. पण दारापर्यंत येतात.”

फोन ठेवल्यावर दादांनी अदबीने विचारलं, “घरात कुणी आजारी आहे का?”

“आमचे हे.”

“अरेरे,” दादा हळहळले आणि लपव्यांकडे वळले. “जपा हो त्यांना.”