सीटखालचं अर्थिंग

"तो लाल दिवा काढूनच टाक," इनासकाका म्हणाले. "दोन गाणी झाली की पेटतो आणि आवाज गायब."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं, जेनीचं, लग्न होतं. नवरी घरच्याच व्हॅनमधून गाणी वाजवत चर्चला जाणार, असा बेत. म्हणून ते वालीवला माझ्या कार-ऑडिओच्या दुकानात आले होते.

तो दिवा म्हणजे ॲम्प्लिफायरचं प्रोटेक्शन. ताण झेपेनासा झाला की मशीन स्वतःच बंद होतं. काकांनी दोन स्पीकरचे चार केले होते आणि नवे दोन जुन्याच वायरींवर चढवले होते. स्पीकर करंटला अडवतो, ते ओहममध्ये मोजतात. एकाच वायरीवर दोन सारखे स्पीकर शेजारी-शेजारी लावले की अडवणूक निम्मी होते, करंट दुप्पट जातो आणि ॲम्प्लिफायर तापतो. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये लावले तर आवाज जरा कमी होतो, पण मशीन वाचतं.

ॲम्प्लिफायर मधल्या सीटखाली होता. मी सीट उचलली.

खाली स्वयंपाकाचा लाल सिलिंडर आडवा ठेवलेला. पेट्रोल परवडत नाही म्हणून तेव्हा बरेच जण चोरून घरच्या गॅसवर गाडी चालवायचा असा जुगाड करायचे, ते ठाऊक होतं. पण इथे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगची वायर थेट सिलिंडरच्या व्हॉल्व्हला गुंडाळली होती, तीही सैल, म्हणजे ठिणगी उडायला मोकळी. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. आणि गॅसचा वास येत होता.

"काका, किल्लीला हात लावू नका," मी म्हणालो.

व्हॉल्व्ह बंद केला, सगळी दारं उघडली, व्हॅन ढकलत मोकळ्यावर नेली. वास पूर्ण गेल्यावरच बॅटरी सोडवली. तोवर माझा शर्ट घामाने भिजला होता.

हे कुणी सांगितलं, असं विचारलं. काका शांतपणे म्हणाले, वाडीतल्या पंपाचं अर्थिंग आपण जन्मभर विहिरीच्या लोखंडी पाइपला बांधतो, गाडीत सगळ्यात जाड लोखंड हेच दिसलं. आपलं काही चुकलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि मला खरी भीती त्याचीच वाटली.

"उद्या या सीटवर कोण बसणार?" मी विचारलं.

काकांनी सीटकडे पाहिलं. मग दुकानाच्या पायरीवर बसले. "जेनी," म्हणाले.

सिलिंडर निघाला, व्हॅन पेट्रोलवर आली. अर्थिंग गाडीच्या बॉडीला दिलं, बॅटरीजवळ खरा फ्यूज टाकला, स्पीकर सिरीजमध्ये जोडले.

लग्नाला मी गेलो होतो. गाणी हळू आवाजात, पण चर्चपर्यंत वाजली. जेनी हसत उतरली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

प्रोटेक्शनचा दिवा काढून दे म्हणणारी गिऱ्हाइकं आजही येतात. मी आधी सीट उचलून बघतो. त्या व्हॅनमध्ये शहाणं म्हणावं असं काही असेल, तर तो दिवाच होता.