सुखी माणसाच्या भाऱ्यात हात

चार माणसं एका जागी राबली की किस्से आपोआप साठतात. ते सांगायला म्हणून कुणी बसत नाही. विडी पेटवताना एकाला एक आठवतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा.

लढाईच्या दिवसांत मी शहापुरात गवताच्या वखारीवर मुकादम होतो. गावोगावचं गवत यायचं, प्रेसमध्ये दाबून तारेनं बांधलं की गासड्या मुंबईच्या तबेल्यांकडे जायच्या. माझं काम म्हणजे येणाऱ्या भाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचं. लोक वरून सुकं लावायचे आणि आत ओलं कोंबायचे, कधी कधी तर धोंडाही निघायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यावर नुसता माणूस समोर आला तरी माझा हात शिवशिवायचा.

अशात काशिनाथ आला. मुरबाडकडचा, टोकावड्याचा. प्रेसवर आमच्या गणपतच्या जोडीला लागला. जगायचे त्याचे तीन नियम होते. दुसऱ्याच्या भाकरीकडे बघायचं नाही. राग आला तर उद्यावर टाकायचा. मिळालं तेवढ्याला पुरे म्हणायचं. एवढ्यावर आपलं सुखात चाललंय, असं तो सरळ तोंडावर सांगायचा! असा माणूस आमच्या वखारीत पहिलाच. आम्ही सगळे सावध झालो.

*

दुपारी आम्ही गोल करून जेवायचो. काशिनाथ मात्र गासड्यांकडे तोंड करून बसायचा, म्हणजे इतरांच्या फडक्यात काय आहे ते दिसायलाच नको. गणपतला वाटलं, हा आपलं लपवतोय. रोज बोंबील नाहीतर कोंबडी असणार.

एके दिवशी पाणी आणायच्या निमित्तानं गणपत मागून गेला आणि वाकून बघून आला. नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आम्ही गणपतकडे बघितलं.

"आपण बघनार हे त्याला कललेलं," गणपत म्हणाला. "म्हनून आज मुद्दाम ठेचा आनला."

*

एकदा गासडीची तार तुटली. चूक गणपतची, पण शेठनी सगळ्यांसमोर काशिनाथला झाडलं. काशिनाथनं ऐकून घेतलं आणि गणपतला एवढंच म्हणाला, "उद्या रागावतो."

दुसऱ्या दिवशी काम अर्धवट टाकून आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. काहीच नाही. विचारलं तर म्हणाला, आज गाड्या जास्त आल्यात, सवड नाही, उद्या बघू. तिसऱ्या दिवशीही तेच. गणपतचं जेवणातलं लक्ष उडालं. चौथ्या दिवशी तो स्वतः शेठकडे गेला, तार मीच तोडली म्हणून सांगून आला, आणि परत येऊन काशिनाथला म्हणाला, "आता तरी मोकला कर रे बाबा."

*

लढाईमुळे रॉकेल तेव्हा रेशनच्या चिठ्ठीवर मिळायचं. दुकानापुढे लांब रांग, कुरकूर, ढकलाढकली. काशिनाथचा नंबर आला तेव्हा दुकानदारानं अर्धीच बाटली भरली. काशिनाथ "पुरे" म्हणाला आणि निघून गेला.

अख्खी रांग त्याच्या बाटलीकडे बघायला लागली. अर्ध्या बाटलीवर माणूस भांडला नाही, म्हणजे रॉकेलात पाणी असणार! मीच पहिला ओरडलो. शेवटी दुकानदाराला बोळा भिजवून सगळ्यांसमोर पेटवून दाखवावा लागला. चांगला भडकला. पुढच्या खेपेला त्यानं काशिनाथला हात जोडले. म्हणाला, थोडं तरी भांडत जा, माझं गिऱ्हाईक बिथरतं.

*

इथवर सगळी गंमत होती. मग एके दिवशी काशिनाथचा मामा आमच्या घरी आला आणि माझ्या बहिणीला, सखूला, काशिनाथसाठी मागणी घालून गेला.

माझं धाबं दणाणलं. वडील नव्हते, हो-नाही मलाच सांगायचं होतं. आमची आत्या अशीच बघताक्षणी चांगल्या वाटलेल्या घरी दिली होती. वर्षाच्या आत परत आली आणि मरेपर्यंत आमच्या ओसरीवर बसून राहिली. कुणाशी बोलायची नाही. सखूला तिथे बसलेलं बघायची माझ्यात ताकद नव्हती.

बैल बघायचं निमित्त करून किन्हवलीमार्गे टोकावड्याला गेलो. घरोघर चौकशी केली. सगळे चांगलंच सांगत होते. एक म्हातारी म्हणाली, "पोराला कधी भांडताना नाय पायला." मला वाटलं, हिला पढवलेलं दिसतंय. दुसऱ्या आळीत गेलो, तिथेही तेच. मग खात्रीच पटली की अख्खं गाव सामील आहे. भारा वरून इतका सुका कधी असतो का?

पुन्हा एकदा गेलो. तिकडच्या न्हाव्याला विचारलं, वाण्याला विचारलं, काशिनाथचं ज्यांच्याशी बांधावरून वाकडं होतं त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, आमचं त्याच्या बापाशी वाकडं, पोरगा चांगला आहे.

शेवटी मामाचा निरोप आला. पाडव्यापर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

*

पाडव्याच्या आदल्या दिवशी घरी आलो तर सखू अंगण सारवत होती. आई आत होती. मी पायरीवर बसलो आणि सखूला सगळं सांगून टाकलं. दोनदा टोकावड्याला जाऊन आलो, एक माणूस सोडला नाही, पण मन घेत नाही. उद्या नाही म्हणून कळवतो. तुझ्या काळजीनंच करतोय सगळं, असंही म्हणालो, आणि ते खरं होतं.

सखूचा हात थांबला नाही. कडेपर्यंत सारवत गेली. मग मान वर न करताच म्हणाली, "दादा, एक घर इचारायचं ऱ्हायलं तुजं."

मी चमकलो. म्हणजे होतंच काहीतरी! उठून उभाच राहिलो.

"कुनाचं?"

"आपलं," सखू म्हणाली.