झटका मशीनमधला काळा पार्ट

मला विज्ञान येतं, हा गैरसमज आमच्या घरात मीच पसरवला. (वणीच्या शाळेत मी तोच विषय शिकवतो, हा सरकारचा गैरसमज.)

त्या रविवारी मुकुटबनला दादाच्या शेतात गेलो, तर झटका मशीन सारखी पीं-पीं करत होती. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडते, ती मशीन. कुंपणाआड वहिनीचा गावरान भुईमूग होता. बियाणं तिच्या आईनं दिलेलं. आई गेली, आणि ते वाण आता फक्त या तुकड्यात उरलं होतं.

"भाऊजी, तार कुठंतरी जमिनीले टेकली असन. आधी पाहून या ना," वहिनी म्हणाली.

"तुमी राहू द्या वहिनी! हा पॉवर सप्लायचा प्रॉब्लेम हाय!"

मशीन उघडून मी दादाचा तासच घेतला. "हा ट्रान्सफॉर्मर. हा कपॅसिटर. हे रेझिस्टर."

"अन् हा काळा, डबीवानी?"

गोल, काळा, मधोमध भोक. बापजन्मात पाहिला नव्हता! पण सरांनी 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. एकानं लिहिलं रिले, दुसऱ्यानं सेन्सर. चित्रकलेच्या सरांनी शुभ सकाळ पाठवलं.

दादानं कान लावला. "आवाज तं यातूनच येऊन राह्यला ना बे!"

"मंग हाच खराब! खराब पार्टच बोंबलते." आणि मी पक्कडीनं तो उपटला. मशीन एकदम चूप! दादानं पाठ थोपटली, मी चहा मागितला.

"तार पाह्यची का?" वहिनीनं पुन्हा विचारलं.

"कायले? आवाज बंद झाला ना!"

रात्री तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर डुकरांनी सगळा भुईमूग उकरलेला. दूरच्या कोपऱ्यात बोरीची फांदी तारेवर पडली होती अन् तार जमिनीला टेकली होती; करंट सगळा मातीत जात होता. गावातल्या मेकॅनिकला तो काळा पार्ट दाखवला. तो हसला. "सर, हा भोंगा हाय. तार टेकली का वाजते."

वहिनी मातीत बसून उरल्यासुरल्या शेंगा वेचत होती. जेमतेम ओंजळभर निघाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, चुकलं माझं."

"मशीन सांगून राह्यली होती, भाऊजी. मीबी सांगून राह्यली होती," ती एवढंच म्हणाली, आणि शेंगा पदरात बांधल्या.

ओंजळीतून पुन्हा वाण वाढवणं चाललंय. मशीनला नवा भोंगा बसलाय. मी गेलो की वहिनी अजूनही हसून 'या भाऊजी' म्हणते. फक्त आधी पक्कड उचलून कपाटात ठेवते, कुलूप लावते, आणि मग पाणी आणते.