मामांना नावडलेले नावाजलेले सिनेमे

माझ्यावर या जगात सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या मामांचे, आणि या जगातल्या नावाजलेल्या सिनेमांनी सर्वांत जास्त निराशा कुणाची केली असेल तर तीही माझ्या मामांचीच. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. आटपाडीकडच्या आमच्या गावातून मला उचलून मामांनी कडेगावला स्वतःच्या घरी ठेवलं आणि तिथून शिकत शिकत मी साताऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला लागलो. ही उपकाराची गोष्ट मी कितीही गंभीरपणे सांगायला बसलो तरी ती अर्ध्यावर राहते, कारण मध्येच मला मामांचा एखादा सिनेमा आठवतो आणि हसू फुटतं.

मामा नावं ठेवायलाच सिनेमाला जातात असा कुणाचा समज होईल, तर तसं मुळीच नाही. त्यांच्याइतक्या श्रद्धेने सिनेमाला जाणारा माणूस मी पाहिलेला नाही. अमुक सिनेमाला मोठं बक्षीस मिळालं अशी बातमी पेपरात आली की मामा ती कापून शर्टाच्या खिशात ठेवतात, आणि तो सिनेमा विट्याला किंवा कराडला लागेपर्यंत ते कात्रण घामाने पार मऊ होऊन जातं. त्या दिवशी ते घोटून दाढी करतात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात आणि मुलगी बघायला निघाल्यासारखे तासभर आधी जाऊन बसतात. दिवे गेले की पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. दोन तासांनी दिवे लागतात आणि मामा शेजारच्याला विचारतात, “संपला?” पडद्यावर नावं सरकत असतात, पण मामा उठत नाहीत, गोष्ट नावांच्या मागून येत असेल अशी त्यांना आशा असते. झाडूवाला येऊन पायाखालचा कागद ओढायला लागला की मगच ते ती आशा सोडतात.

दोष मात्र ते सिनेमाला देत नाहीत. “येवढी शिकलेली मानसं बक्षीस देत्यात, ती काय खुळी हायत व्हय? माझंच कायतरी बगायचं राहिलं असंल,” असं म्हणून ते तोच सिनेमा दुसऱ्यांदा बघतात. म्हणजे इतरांची एका सिनेमाने एकदा निराशा होते, तर मामांची दोनदा. एका सिनेमाला ते तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिकीट देणारा कौतुकाने म्हणाला, “लय आवडलेला दिसतोय, मामा.”

“न्हाई गड्या,” मामा म्हणाले, “अजून आवडायचा हाय.”

मामांनी सगळी नोकरी साखर कारखान्यात केली. ऊस तोडीला आला की नाही हे बघत फडोफड हिंडायचं, हे त्यांचं काम. रसाचा एक थेंब काचेवर घ्यायचा, दुर्बिणीसारख्या एका नळीतून उजेडाकडे बघायचं आणि गोडीचा आकडा सांगायचा. आकडा चांगला आला की तोड लवकर लागे, त्यामुळे शेतकरी त्यांना चहा पाजत, भडंग खाऊ घालत, मुलाच्या लग्नाचं निमंत्रण देत. मामा चहा पीत, भडंग खात, लग्नालाही जात आणि आकडा खराच सांगत. एकदा सासऱ्यांच्या फडाचा आकडा कमी भरला. तो त्यांनी सासऱ्यांना तोंडावर सांगितला आणि त्या दिवाळीला मामी एकट्याच माहेरी गेल्या. निवृत्त झाल्यावर नळी कारखान्याकडे परत गेली, पण मामांचा डोळा तसाच राहिला. मोठमोठ्या सिनेमांबद्दल ते म्हणत, “उंची बगशील तर दोन पुरुष. पर रस न्हाई.” किंवा, “नुसता पाला रं. पाला सोलता सोलताच इंटरवल झालं.”

त्यांची खरी अडचण अशी, की पडद्यावर कुणाचीही गैरसोय झालेली त्यांना बघवत नाही. एका गाजलेल्या सिनेमात एक म्हातारा तासभर एसटीची वाट बघत उभा असतो. विट्याच्या थिएटरात मामा तीनदा पुटपुटले, चौथ्यांदा त्यांना राहवलं नाही. “आवं, फाट्यावर जाऊन थांबा की, हितं गाडी थांबतच न्हाई,” असं त्यांनी पडद्यावरच्या म्हाताऱ्याला मोठ्याने सांगितलं. दुसऱ्या एका सिनेमात अंगणात एक शेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उन्हात बांधलेली होती. ती माणसाच्या एकटेपणाचं प्रतीक आहे असं मी कुठेसं वाचलं होतं आणि ते मी मामांना समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“एकटेपणा हाय, मान्य हाय,” ते म्हणाले. “पर तहान बी हाय न्हवं? दोन तासात एकानं पाणी दावलं न्हाई. त्या घरात चार मानसं हुती, आन चारीच्या चारी खिडकीतनं बाहेर बगत बसल्याली.”

घरी आल्यावर मामा प्रत्येक सिनेमा मामींना सांगतात. मामी शेंगा फोडत ऐकतात. ही शेळीची गोष्ट सांगताना मामांनी तिसऱ्याच वाक्याला तिला पाणी पाजलं, सावलीला बांधलं, संध्याकाळी तिला दोन करडं झाली आणि त्या करडांपायी घरातली चार माणसं एकमेकांशी बोलायला लागली. मामींनी पदराने डोळे पुसले.

“आवं, चांगला हाय की सिनेमा. तुमी कशाला नावं ठेवताय?”

“आता चांगला झालाय,” मामा म्हणाले. “मगाशी बगितला तवा न्हवता.”

साताऱ्यात आम्ही काही शिक्षकांनी आणि हौशी मंडळींनी मिळून एक चित्रपट मंडळ काढलं आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहाला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही जगातला एखादा गौरवलेला सिनेमा दाखवतो आणि नंतर चर्चा करतो. वाईचे एक निवृत्त प्राध्यापक आमचे अध्यक्ष. सुरुवातीला पंधरावीस माणसं येत. चर्चेत अध्यक्ष बोलत, मग मी बोले, मग सगळे विचारात पडल्यासारखा चेहरा करून जिना उतरत. मंडळाची गोष्ट मामांच्या कानावर गेली आणि एका रविवारी ते पहाटेची एसटी पकडून, पांढऱ्या शर्टात, पहिल्या रांगेत येऊन बसले.

त्या दिवशीचा सिनेमा एका बर्फाळ देशातला होता. त्यात एक माणूस लाकडी दार पाठीवर घेऊन बर्फातून चालतो. सव्वादोन तास चालतो. मग सिनेमा संपतो. अध्यक्षांनी सांगितलं, की ते दार म्हणजे त्याचा भूतकाळ. मी मान डोलावली. पहिल्या रांगेतून मामा उठले.

“साहेब, दार कुठल्या घराचं हुतं?”

“ते महत्त्वाचं नाही,” अध्यक्ष म्हणाले. “म्हटलं ना, तो त्याचा भूतकाळ आहे.”

“मग टाकून द्यायचा की. पाठीवर कशापायी? आन बसवायचंच असंल तर चौकटीचं माप घेतलंय का? बिजागरी दिसली न्हाई कुठं.”

हॉल हसला. मागून औषधाच्या दुकानाचे मालक उठून म्हणाले, “खरं सांगायचं तर मलाही काही कळलं नाही, पण विचारायची लाज वाटली.” मग एका नर्सबाईंनी त्या माणसाच्या पाठीच्या मणक्याबद्दल शंका काढली, आणि तिथून अशी चर्चा पेटली की खालून वाचनालयाचा शिपाई वर बघायला आला. पुढच्या महिन्यात चाळीस माणसं आली, त्याच्या पुढच्या महिन्यात सत्तर. सिनेमा संपला की सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळत. मी मात्र घाम पुसत बसे. साताऱ्यात मला लोक सर म्हणतात. सत्तर माणसांसमोर माझे मामा बिजागरी शोधत होते, आणि त्यांच्याच घरी राहून मी शिकलो हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढे असं ठरलं, की पुण्याहून एक मोठे समीक्षक येणार. बक्षिसं देणाऱ्या समितीवर बसलेले गृहस्थ, आणि सिनेमाही त्यांनीच निवडलेला. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. “तुमचे मामा फार गोड आहेत हो,” ते म्हणाले, “पण पाहुण्यांसमोर चर्चेची पातळी जरा सांभाळायला हवी.” खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. जे मला म्हणायचं होतं ते दुसऱ्या कुणीतरी म्हटलं होतं.

त्या रविवारी मामांना आणायला मी स्टँडवर गेलो. चहा घेताना म्हणालो, “मामा, आज मोठी माणसं आहेत. आज तुम्ही नुसतं बघा. काही विचारू नका. विचारलंच कुणी, तर चांगला आहे म्हणा.”

मामांनी बशीतला चहा संपवला. “व्हय,” ते म्हणाले. “तुज्या नोकरीचं गाव हाय. बराबर हाय तुजं.”

सिनेमा झाला, समीक्षकांचं भाषण झालं. भाषण चांगलं होतं. “आता प्रश्न विचारा,” असं ते म्हणाले आणि हॉलमधल्या सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. पाहुण्यांनाही ते कळलं. त्यांनी हसून विचारलं, “काका, तुम्हाला कसा वाटला?”

मामा उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

“चांगला हाय,” ते म्हणाले.

“आणखी काही?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. “लय चांगला हाय,” असं म्हणून ते खाली बसले.

कुणीच काही विचारलं नाही. औषधवाले आपल्या चपलांकडे बघत राहिले. नर्सबाईंनी मला खालच्या आवाजात विचारलं, “सर, मामांना बरं नाही का?” चर्चा पाच मिनिटांत आटोपली आणि अध्यक्ष मला म्हणाले की कार्यक्रम अगदी देखणा झाला.

मामांना एसटीत बसवून दिलं. गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून मी खिडकीशी उभं राहून विचारलं, “मामींना आजची गोष्ट कशी सांगणार?”

“न्हाई सांगायची,” मामा म्हणाले. “बगायचा राहिलाच रं. चांगला हाय म्हणायचं ध्यानात ठेवण्यात समदा टाइम गेला.”

त्यानंतर मामा आले नाहीत. पहिल्या महिन्यात गुडघा दुखत होता, दुसऱ्या महिन्यात पाण्याची पाळी होती, तिसऱ्या महिन्यात त्यांनी कारणच सांगितलं नाही. मी सांगलीला कामासाठी गेलो, तेव्हा परतताना वाट वाकडी करून कडेगावला उतरलो. मामा घरीच होते. चहा झाला, उसाच्या लागणीचं बोलणं झालं. विट्याला तेव्हा एक बक्षीसवाला सिनेमा लागला होता, बघितलात का म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, “आता न्हाई जात. कळत न्हाई त्यात कशाला डोकं घालायचं?” मामी शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मंडळात आता अकरा माणसं येतात. मामांना हे फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. पण मामा फोनवर अर्ध्या मिनिटाच्या वर बोलत नाहीत, आणि मलाही अर्ध्या मिनिटात माफी मागायची सवय नाही. म्हणून शेवटी पत्र लिहिलं. ते इथे जसंच्या तसं देतो.

तीर्थरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहेत. मामींनाही वाचून दाखवा.

दार वाहणाऱ्या माणसाच्या सिनेमात मी अर्धा तास झोपलो होतो. जागा झालो तेव्हाही तो चालतच होता, त्यामुळे काही चुकलं असं वाटलं नाही. नंतर त्यावर मी मंडळाच्या पत्रकात चार पानं लिहिली. ती अध्यक्षांना आवडली. मला मात्र त्यातलं एकही वाक्य आता समजावून सांगता येणार नाही.

अकरावीला तुमच्याकडे आलो तेव्हाची एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. रोज संध्याकाळी तुम्ही कामावरून येऊन मला इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचायला लावायचा आणि दर ओळीला थांबवून विचारायचा, “म्हंजे काय?” मला यायचं नाही. तुम्हालाही यायचं नाही. मग मी शब्दकोश उघडायचो, उद्या सरांना विचारून यायचो, आणि तुमच्या डोक्यात शिरेपर्यंत तुम्ही सोडायचा नाही. वर्गातली बाकीची मुलं धडा पाठ करायची. मला तो तुम्हाला सांगता यावा लागायचा. मी पास झालो तो तेवढ्यामुळे. घरात ठेवून घेतलंत, जेवू घातलंत, ते आहेच; पण ते कुणी दुसऱ्यानेही केलं असतं.

आणि ज्या माणसाने मला विचारायला शिकवलं, त्याला मी स्टँडवर चहा पाजून सांगितलं की काही विचारू नका. हे चुकलं. मला माफ करा.

येत्या रविवारी दहाला सिनेमा आहे. त्याला तीन देशांत बक्षिसं मिळालीत. मी तो आधी बघितला आहे आणि मला तो कळलेला नाही. चर्चेत पहिला मी उठणार आहे आणि हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही आला नाहीत तरी सांगणार. मग अध्यक्ष मला त्याचा अर्थ समजावून सांगतील, मला तोही कळणार नाही, आणि सवयीने माझी मान डोलायला लागेल. तेवढ्यासाठी शेजारी तुम्ही हवे आहात.

साडेनऊला स्टँडवर उभा राहतो.

तुमचा भाचा