मिस्सा आणि मोटर

वसईहून बदली होऊन आम्ही गारखेड्यात राहायला आलो. नव्या घरात सामान लावायच्या आधी मी भिंतीवर क्रूस लावला आणि स्वतःला फार भाविक समजू लागलो. चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, माझ्या बाकावर नेहमी एक म्हातारे गृहस्थ असत. टोपी मांडीवर, डोळे मिटलेले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका रविवारी मिस्सात शेजारच्याशी हात मिळवून शांतीचं अभिवादन करताना त्यांनी माझा हात धरला आणि पुटपुटले, "आज आपल्या गारखेड्यात पाणी सुटायचंय. मोटर लावून आलात नं?"

आठ-दहा दिवसांतून एकदा येणारं पाणी! ख्रिस्तप्रसाद न घेताच मी स्कूटर काढली. घरी पोचलो, तर पाणी येऊन गेलेलं.

पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, "मिळालं का पाणी?"

"नाही."

"म्हंजी प्रसाद बी गेला, पाणी बी गेलं!" ते सरकले आणि बाकावर थोपटत म्हणाले, "बसा निवांत. आज काय पाण्याचा दिवस नाय."

त्या दिवशी मी शेवटच्या आशीर्वादापर्यंत बसलो. बायकोला वाटलं, माझी भक्ती वाढली. मीही तिचा गैरसमज दूर केला नाही.