हरण्याचा पहिला नंबर

मच्छिंद्रनं आयुष्यात बरीच जनावरं वाढवली, पण त्यातलं एकही त्याच्या नावानं पहिलं आलं नाही. गोऱ्हा त्याच्या हातची पेंड खाऊन मोठा व्हायचा, खांदा भरायचा, चाल सुटायची. बैलगाडा शर्यतीच्या घाटात जुंपायची वेळ आली की घरातली थोरली माणसं तो कुणाला तरी देऊन टाकायची. मग जत्रेत भोंग्यावरून नाव पुकारलं जायचं ते घेणाऱ्याचं. मच्छिंद्र गर्दीत मागं उभा राहून टाळ्या वाजवायचा आणि चालत खराडीला परत यायचा.

पुढं जमीन गेली. गोठा होता त्या अंगाला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मच्छिंद्र फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर लागला. लालभडक लोखंड सांडशीत धरायचं, घणाखाली द्यायचं, फिरवायचं, परत द्यायचं. निवृत्त झाला तेव्हा बोटं केळीच्या घडासारखी जाड झाली होती आणि डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. कामाची तक्रार त्यानं कधी केली नाही. रिकामपणाची मात्र रोज करायचा.

या आषाढात मुलीनं, भाग्यश्रीनं, माळा साफ करायला काढला आणि एक खोकं खाली आलं. भाग्यश्री त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत नोकरीला. खोक्यात तिचं शाळेतलं गेमचं मशीन होतं.

"आण्णा, आठवतंय? जनावराचा गेम!"

आठवत होतं. पहिल्या पाळीवरून तो दुपारी घरी यायचा, ती शाळेतून यायची, आणि दोघं टीव्हीसमोर मांडी घालून बसायची. या गेमची तऱ्हा न्यारी होती. गेम चालू करून मशीनमध्ये घरातली कुठलीही दुसरी सीडी घालायची. ती वाचून मशीन एक अंडं द्यायचं, अंड्यातून जनावर निघायचं. प्रत्येक सीडीचं जनावर वेगळं. मग गेमची सीडी परत घालून ते जनावर पाळायचं. खायला घालायचं, पळवायचं, ओंडके ओढायला लावायचं, दमलं की विश्रांती द्यायची, आणि शर्यतीच्या आठवड्यात दुसऱ्याच्या जनावराशी झुंजवायचं. जनावराला वयही होतं. म्हातारं व्हायचं आणि एक दिवस मरायचं.

त्या वेळी बापलेकीचं जनावर सगळ्यात वरच्या चषकाच्या तोंडाशी येऊन म्हातारं होऊन मेलं होतं. भाग्यश्री जेवली नाही. मशीन माळ्यावर गेलं.

"परत लावू या का?" भाग्यश्रीनं विचारलं.

"लाव," मच्छिंद्र म्हणाला. "पण या खेपेला चषक घ्यायचा. नुसतं पाळायला न्हाई."

आतून सरुबाईचा, त्याच्या बायकोचा, आवाज आला. "घ्या! पोरीच्या हाफिसाच्या जागी गोठा व्हता, आता हाफिसवालीच्या घरात गोठा!"

मशीन सरळ ठेवलं तर सीडी वाचायचं नाही, नुसतं घरघरायचं. पालथं घातलं की वाचायचं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ते टीव्हीखाली कासवासारखं पालथं पडून राहायचं.

अंड्यासाठी सीड्या शोधल्या. कॉम्प्युटर क्लासच्या सीडीतून एक हिरवा, लिबलिबीत गोळा निघाला. सरुबाई दारात उभी राहून बघत होती. "क्लासातनं आणखी काय निघणार?" मच्छिंद्रच्या चुलतभावाच्या लग्नाच्या सीडीतून मोठ्या तोंडाचं, बारक्या पायाचं एक कोल्ह्यासारखं काहीतरी आलं. "ह्यो जेवायला आलेला. वळखला मी."

शेवटी भाग्यश्रीनं आईच्या भजनी मंडळाची सीडी घातली. मंडळानं हौसेनं काढली होती ती. अंडं फुटलं आणि वशिंडाचं, वळणदार शिंगांचं, बदामी रंगाचं जनावर पडद्यावर उभं राहिलं. त्यानं मान हलवली.

सरुबाई दारातून पुढं आली. मग म्हणाली, "माझ्या सीडीचं हाय. उपाशी ठेवू नका."

त्याचं नाव हरण्या ठेवलं. पाळणाऱ्याचं नाव भाग्यश्रीनं इंग्रजीत घातलं. रकान्यात आठच अक्षरं बसत होती, त्यामुळं ते 'मच्छिंद'वर तुटलं.

"र ऱ्हायला," मच्छिंद्र म्हणाला.

"जिंकल्यावर बघू, आण्णा."

रोज सकाळी भाग्यश्री कामावर जायच्या आधी दोघं बसायची. मच्छिंद्रनं हरण्याला गोऱ्ह्यासारखंच धरलं. लहान असताना ओंडका लावला नाही. "दात आल्याबिगर जू ठेवत न्हाईत." त्याचं म्हणणं खरं ठरलं, हरण्या कधी बिथरला नाही. पण खायला घालण्यात त्याचा हात सैल. रोज चांगलंचुंगलं. हरण्या फुगला आणि एका साध्या शर्यतीत धापा टाकत बसला.

"आण्णा, हा बैल आहे की नवरदेव? डाएट करा त्याचं. रोज पोहायला घाला."

"बैल पोहत असतोय व्हय?"

"हा पोहतो. ऐका माझं."

त्यानं ऐकलं. हरण्या उतरला, पाय हलके झाले. त्यानंतर एकेक पायरी चढत गेला. श्रावण संपला, गणपती झाले. हरण्याचं वय मात्र उतरणीला लागलं. तोंडाभोवती पांढरं दिसू लागलं. वरच्या चषकाला आता एकच संधी होती. ती हुकली तर मागच्यासारखंच.

आणि मशीनही थकलं होतं. कधी पालथं घालूनही वाचायचं नाही. गेम ज्या कार्डावर जमा व्हायचा त्यानं दोनदा डोळे पांढरे केले होते.

"दुसरं मशीन मागवू का ऑनलाइन?" भाग्यश्रीनं विचारलं.

"त्यात हरण्या येईल?"

"कार्ड वाचलं तर येईल. गॅरंटी नाही."

"मग नगो. ह्याच्यावरच."

चषकाच्या आधीचा गेममधला आठवडा आला तेव्हा बाहेर भाद्रपदी पोळा तोंडावर होता. भाग्यश्रीनं फोनवर वाचून ठेवलं होतं. शेवटच्या आठवड्यात जनावराला कसून राबवायचं, ताकद वाढते.

"पोळ्याला राबवायचं?" मच्छिंद्रनं मान हलवली. "विश्रांती दाब."

"आण्णा, गेमला पोळा कळत नाही."

"मला कळतोय ना. खूप वढलंय त्यानं. आता अंग मोकळं होऊ दे."

भाग्यश्री थोडा वेळ वाद घालत राहिली. मग तिनं विश्रांती दाबली, गेम कार्डावर जमा केला आणि मशीन बंद केलं. आता पोळ्याच्या दिवशी जनावराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, झुंज.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. जू वाहून वाहून खांदा राठ झालेला असतो, त्याला लोणी आणि हळद चोळतात. मच्छिंद्रच्या घरात आता बैल नव्हते. सरुबाई दर वर्षी मातीची जोडी आणून पाटावर मांडायची, लोण्याचं बोट लावायची, एवढंच. या वर्षी ती दुपारी घरात एकटी होती. मातीच्या बैलांना बोट लावून झालं. वाटीत लोणी उरलं. तिची नजर टीव्हीखाली गेली.

घरात जनावर होतं की.

पालथ्या जनावराची पूजा कोण करतं? तिनं मशीन सुलटं केलं, फडक्यानं पुसलं, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांना लोणी-हळद चांगली चोळली. हात आखडता घेतला नाही. पुढं निरांजन ठेवलं, हात जोडले, आणि शेजारणीकडं पुरणाचं पात्र आणायला गेली.

निरांजनाच्या उबेनं लोणी पातळ झालं आणि झाकणाच्या फटीतून आत उतरलं.

मच्छिंद्र आला तेव्हा मशीन पिवळंधमक होऊन बसलं होतं. त्यानं झाकण उघडलं. आत, जिथून मशीन सीडी वाचतं त्या काचेच्या बारीक डोळ्यावर, हळदीचा थर होता. तो तसाच बसून राहिला.

सरुबाई परत आली. त्याचं तोंड बघून तिला कळलं.

"बिघडलं का?"

त्यानं झाकण हळूच मिटलं.

"माझ्या हातनं झालं." तिनं पात्र खाली ठेवलं. "अवो, शिव्या तरी द्या."

"कशाला? खांदंच मळलंस ना. मारलं तर न्हाईस."

एवढंच बोलून तो उठला. पण घरातून सणच उठून गेल्यासारखं झालं. पोळ्याच्या सकाळी सरुबाईनं पुरणपोळ्या केल्या, मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवला, आणि स्वतःच्या ताटात भाकरी घेतली.

भाग्यश्रीला सुट्टी होती. ती फोन घेऊन बसली. "मशीन उघडून लेन्स साफ करतात, व्हिडिओ आहे. स्पिरिट आणि कापूस लागेल. पण आज चालेल का? पोळा आहे."

"जनावराला काम लावायचं न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "धुवायला कुणी बंदी केली? पोळ्याला तर बैल धुत्यातच."

त्यानं स्क्रू काढले. एकही ओरखडा न पाडता, काढलेल्या क्रमानं ताटात मांडून ठेवले. झाकण, खालची पट्टी, सगळं गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसलं. खाचाखोचांतलं लोणी काडीला चिंधी गुंडाळून काढलं. घाई केली नाही. कारखान्यात घाई करणाऱ्यांची बोटं त्यानं जाताना पाहिली होती. पण काचेचा डोळा आला तेव्हा तो थांबला. डोळा हरभऱ्याच्या डाळीएवढा आणि त्याचं बोट त्याच्यापुढं मुसळ.

"आण्णा, प्रेशर पडलं तर लेन्स जाईल," भाग्यश्री म्हणाली. "माझाही हात थरथरतोय."

मच्छिंद्रनं मागं वळून हाक मारली. "सरू, ये हिकडं."

"मी? मला न्हाई लावायचा हात त्याला परत."

"चाळशी लाव नि ये. वाती वळणारा हात हाय तुझा. आमचं काम न्हाई हे."

ती आली. चाळशी लावली. कापसाची वात वळली, अगदी टोकदार. भाग्यश्रीनं फोनवर बघून सांगितलं, स्पिरिट एक थेंब, मधून बाहेर, गोल. सरुबाईनं श्वास धरला आणि वात फिरवली. वात पिवळी झाली. दुसरी घेतली. तीही पिवळी. मग एक वात आली ती काळी.

"हे काय? हळद काळी कुठनं झाली?"

भाग्यश्रीनं वाकून बघितलं. "आई, ही धूळ आहे. माझ्या शाळेतली."

सरुबाई पुसत राहिली. वात पांढरीच्या पांढरी बाहेर आली तेव्हा थांबली. मच्छिंद्रनं स्क्रू उलट क्रमानं बसवले.

"लावून बघू?" भाग्यश्री म्हणाली.

"उद्या."

"आण्णा, नुसतं चालू होतंय का ते—"

"आज पोळा हाय."

त्याचा जीव वर टांगलेला होता. तरी हात लावला नाही.

रविवारी सकाळी तिघंही टीव्हीसमोर बसली. भाग्यश्री मशीन पालथं घालायला गेली. मच्छिंद्रनं हात धरला. "आधी सरळ लावून बघ."

सरळ लावलं. मशीन घरघरलं नाही. सीडी फिरली, पडदा उजळला. कार्डानं डोळे मिचकावले आणि मग कुरण आलं, कुरणात हरण्या. अंग भरलेलं, मान वर. दम पूर्ण.

"सरळ चाललं!" भाग्यश्री ओरडली. "आई, तुझ्या लोण्यामुळं लेन्स पुसली. नाहीतर आपण जन्मभर पालथंच घालत बसलो असतो."

"मग?" सरुबाई चाळशी सारखी करत म्हणाली. "पूजा वाया जात नसती."

चषक सुरू झाला. पहिली दोन जनावरं हरण्यानं शिंगावर घेतली. शेवटच्याला एक काळं, पंखांचं धूड आलं. तरणं होतं. सुरुवातीलाच त्यानं हरण्याला असं उचललं की निम्मा दम गेला.

"मारा, आण्णा! अटॅक!"

मच्छिंद्रनं बटण दाबलं नाही. जाड अंगठा नुसता ठेवून राहिला. हरण्या मागं सरकला. काळं झेप घ्यायचं, हरण्या बाजूला व्हायचा. पोहून कमावलेले पाय होते ते. काळं पुन्हा झेपायचं. त्याचा दम कमी होत होता, हरण्याचा भरत होता.

"वेळ संपतोय," भाग्यश्री कुजबुजली.

"संपू दे. घाटात सुरुवातीला पळणारं निशाणाला पोचत न्हाई."

काळं धापलं. पंख खाली आले. मच्छिंद्रनं अंगठा दाबला. हरण्यानं मान खाली घातली आणि सुटला. कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वशिंड हलत, धूळ मागं टाकत. धडक बसली आणि काळं धूड पडद्याबाहेर गेलं.

मग रंगीत कागद उडाले, बाजा वाजला. हरण्या मधोमध उभा राहिला. त्याच्या डोक्यावर मोठी इंग्रजी अक्षरं आली.

"काय लिव्हलंय?" सरुबाईनं विचारलं.

"पहिला नंबर, हरण्या," भाग्यश्रीनं वाचलं. "पाळणारा... मच्छिंद."

मच्छिंद्र पडद्याकडं बघत होता. "नाव आलंय, पण पुकारलं न्हाई कुणी," तो हसत म्हणाला. "भोंगा न्हाई ह्यात."

सरुबाई उठली. पदर खोचला. भजनात वरची पट्टी लावणारी बाई ती. दार उघडं होतं, रविवारची गल्ली जागी होती. तिनं तोंडाशी हाताचा भोंगा केला.

"ऐका हो ऐका! खराडी गावचे बैलगाडा मालक मच्छिंद्र बाबूराव... यांचा हरण्या... पहिला नंबर!"

'र' तिनं ठासून म्हटला. समोरच्या गॅलरीत कुणीतरी दात घासता घासता थांबलं. खालून कुणीतरी "अरे वा आण्णा!" म्हणून ओरडलं, काय झालं ते न विचारताच.

सरुबाई देव्हाऱ्यापाशी गेली आणि मूठभर गुलाल घेऊन आली. मच्छिंद्रनं झटकन दोन्ही पंजे मशीनवर पसरले. सगळं मशीन झाकून गेलं.

"त्याच्यावर नगो, सरू," तो म्हणाला आणि मान पुढं केली. "माझ्यावर टाक."