नानांची थापी, अक्कांची अट

साईटवरचं काम संपलं की कोपऱ्यात दोन-चार घमेली वाळू उरतेच. परत न्यावी इतकी ती नसते, आणि टाकून द्यायला मन होत नाही. किस्स्यांचं माझं तसंच झालंय. दरवर्षी ठरवते, एकदाचे सांगून टाकू आणि जागा मोकळी करू. तोवर पुढचा हिवाळा येतो आणि ढीग वाढतो!

हिवाळाच म्हणतेय मी. जळगाव-धुळे म्हटलं की बाहेरच्या मंडळींना नुसतं ऐकूनच घाम फुटतो. ‘बापरे, तुमच्याकडचं ऊन!’ अहो, जानेवारीत या ना! सकाळी सातला धुळ्यात बांबूच्या परांचीवर चढून दाखवा. बोटं आपली आहेत की उसनी आणलीत, तेच कळत नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. जळगावला राहते आणि दुरुस्तीची कामं घेते. फुगलेला गिलावा, तडकलेली भिंत, सुटलेली पायरी, असलं सगळं. माझे हेडमिस्त्री म्हणजे भडगावचे सुकदेव नाना. वय विचारलं की म्हणतात, “काम बघा ना, ताई!” त्यांच्या हाताखाली बाळू मिस्त्री. हाताने चांगला, पण उन्हाच्या तिरिपेमागे मांजरासारखा फिरणारा.

आता थंडीत आमचा वैरी एकच. सिमेंट-वाळूचा माल लवकर घट्टच होत नाही. मे महिन्यात सकाळी केलेला गिलावा संध्याकाळी टणटणीत. जानेवारीत तोच गिलावा तिसऱ्या दिवशीही नखाने खरवडून घ्या!

*

मागच्या हिवाळ्यात नाना परांचीवरून खोकत खोकत उतरले ते थेट अंथरुणावरच पडले. पंधरा दिवस. त्यामुळे या वर्षी मी त्यांना न्यायला भडगावला गेले, तर त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या अक्का, दारातच उभ्या. चहा दिला, कळण्याची भाकरी वाढली, आणि मग नानांकडे बघून अहिराणीत अट घातली.

“या हिवाळामा तुम्हनं एक जरी काम उखडनं, तर थापी मन्हाकडे! मंग घरमा बसानं!”

नाना हसले. “चाळीस वरीसमा एक बी काम उखडेल नही.”

“चाळीस वरीसमा तुम्हनी कंबर बी दुखे नही,” अक्का म्हणाल्या.

अट मान्य झाली. थापी गेली तर त्या थापीने मी भाकरी उलथीन, असंही अक्कांनी जाहीर करून टाकलं. नानांची ती गिलाव्याची थापी लग्नाआधीची. तिची मूठ त्यांच्या मुठीइतकीच झिजलीय. गाडीत बसल्यावर भडगावपासून पार एरंडोलपर्यंत नानांनी ती पिशवीतून काढून मांडीवर धरली होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला अक्कांचा फोन यायचा. बाकीच्यांच्या घरून ‘जेवलात का’ म्हणून फोन यायचे. अक्का विचारायच्या, “उखडनं का?”

“नही.”

“बरं. जेवी ल्या मग.”

फोन बंद!

*

पहिलं काम सावद्याला. केळीच्या व्यापाऱ्याकडे केळी पिकवायच्या खोल्यांपैकी एका रिकाम्या खोलीचा गिलावा करायचा होता. बाहेर हाडं गोठवणारी सकाळ, आणि त्या जाड भिंतींच्या खोलीत मात्र छान ऊब!

दहा वाजता बाळू गायब. चहाच्या टपरीवर नाही, वाळूच्या ढिगामागे नाही, पत्र्यावर उन्हातही नाही. शेवटी मालकांनीच शेजारच्या रिकाम्या खोलीचं दार उघडलं. आत केळीच्या सुक्या पानांवर, गोणपाट पांघरून, बाळू मिस्त्री गाढ झोपलेले! चेहऱ्यावर काय ते समाधान!

मी तर लाजेने अर्धी झाले. नाना थापी उगारून पुढे झाले. पण मालकांनी त्यांना अडवलं. आत वाकून त्यांनी बाळूच्या गालाला बोट लावून बघितलं आणि शांतपणे दार लोटून घेतलं.

“राहू द्या, नाना. अजून कच्चा आहे. दोन दिवस लागतील!”

*

मग धुळे. तिथे एका निवृत्त गुरुजींच्या घराची मागची भिंत. सामान आम्ही आदल्या संध्याकाळीच अंगणात उतरवून ठेवलं होतं. गुरुजी इतके प्रेमळ की विचारू नका. आम्ही पोचायच्या आधीच त्यांनी आमच्यासाठी अंगणात शेकोटी पेटवून ठेवलेली.

“या, या! आधी हात शेका. काम कुठे पळून जातंय?”

आम्ही सगळे गोल बसलो. मस्त ऊब. थोड्या वेळाने नाना उठून आपलं सामान बघायला गेले, आणि गेले तसेच परत आले.

“गुरुजी, इथे माझी फळी होती. गिलावा सपाट करायची. लांब, सागवानी.”

गुरुजींनी शेकोटीकडे बघितलं. आम्हीही बघितलं. फळीचं एक टोक तेवढं बाहेर राहिलं होतं.

“ती तुमची होती?” गुरुजी अगदी पडेल आवाजात म्हणाले. “मला वाटलं, वाकडी आहे म्हणून कुणीतरी टाकून दिलीय.”

झालं! फळी जळाली याचं नानांना फारसं काही नव्हतं. पण वाकडी? त्या फळीने त्यांनी अर्ध्या खानदेशातल्या भिंती सरळ केल्या होत्या! नाना लाल झाले. मला वाटलं, आता काम सोडून चालले. तर ते शेकोटीजवळ आले, उकिडवे बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

“जळतेच आहे तर शेकून घेतो. दुसऱ्याच्या फळीला एवढी ऊब नसती.”

*

त्याच धुळ्यात, दोन गल्ल्या सोडून, एका आजींच्या स्वयंपाकघराची भिंत होती. तिथे मी डिप्लोमा दाखवायला गेले. सगळ्यांना उभं करून लेक्चर दिलं. थंडीत माल कालवायला गार पाणी नको, कोमट घ्या, म्हणजे लवकर घट्ट होतो. आजींना हे फार पटलं. त्या रोज सकाळी बंब पेटवून दोन बादल्या पाणी काढून द्यायच्या.

तीन दिवस झाले. गिलावा मऊच्या मऊ! नाना दर तासाला अंगठा लावून बघत होते. संध्याकाळी सहाला फोनवर ‘नही’ म्हणताना त्यांचा आवाज खोल गेलेला. मलाही टेन्शन. पुस्तक खोटं कसं ठरेल?

चौथ्या दिवशी मी लवकर गेले. बघते तर घराच्या मागे साबणाचा वास, आणि बाळू मिस्त्री गरम पाण्याने चोळून चोळून अंघोळ करतायत! माल गार पाण्यातच कालवला जात होता.

“बाळू!”

“ताई, शप्पथ, एकच बादली घेतो! दुसरी मालालाच असते.”

“दुसरी कुठेय?”

बाळूने मान खाली घातली. “तिच्यात कपडे भिजवलेत.”

तीन दिवस झाले होते, भिंत ओली आणि बाळू मात्र चकचकीत. नाना तर डोकं धरून पायरीवर बसले. पण आजी घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी घरातल्या चार गोधड्या आणल्या आणि भिंतीवर टांगल्या. “बाळंतिणीला जपतो तसं जपा तिला. थंडी लागलीय, दुसरं काही नाही.” आम्ही हसलो. दोन दिवसांनी नानांनी गोधडी बाजूला केली, अंगठा दाबला, आणि अंगठाच दुखला म्हणून इतके खूश झाले की आजींच्या पाया पडले. संध्याकाळी अक्कांना त्यांनी हा सगळा किस्सा सांगितला. अक्कांचं सगळं बोलणं ‘हं’ एवढंच.

*

आता शेवटचं काम. पहूरच्या पुढे एका छोट्या गावात शाळेच्या व्हरांड्याची दुरुस्ती होती. चोवीस जानेवारीला सकाळी मंडपाचं सामान घेऊन आलेला ट्रॅक्टर मागे आला, आणि झेंड्याच्या चौथऱ्यावर धडकला. चौथरा फुटला, खांब आडवा झाला. आणि सव्वीस जानेवारी परवावर! हेडसर व्हरांड्यात धावत आले.

“नाना, काहीही करा. अख्खं गाव येणार आहे हो!”

मी हळूच म्हणाले, “नाना, या थंडीत दोन दिवसांत धरणार नाही. हिवाळ्याचं शेवटचं काम आहे. नाही म्हणा.”

नाना मैदानाकडे बघत होते. तिथे पोरं कवायत करत होती, आणि खांब नसलेल्या जागेला सलाम ठोकत होती.

“पोरांना काय सांगू, ताई? अक्काशी पैज आहे म्हणून?”

दुपारपर्यंत खांब उभा केला, बुडाशी माल ठासून भरला. या वेळी पाणी कोमटच होतं. मी स्वतः बाळूच्या डोक्यावर उभी होते. चारी बाजूंनी बांबूचे टेकू दिले. संध्याकाळी सहाला फोन आला.

“उखडनं का?”

नाना पहिल्यांदाच थांबले. “परवा कळी.” मग त्यांनी झेंड्याच्या खांबाचं सगळं सांगितलं.

पंचवीसला दुपारी गावच्या फाट्यावर एस.टी. थांबली आणि अक्का उतरल्या! दोन बस बदलून आल्या होत्या. डोक्यावर गाठोडं, त्यात तीन गोधड्या. सरळ मैदानात गेल्या, नानांशी एक शब्द न बोलता चौथरा गुंडाळला, आणि वरून सुतळीने बांधला. मग नानांच्या पिशवीतून थापी काढली आणि निकाल लागेपर्यंत म्हणून आपल्या पिशवीत टाकली.

मला राहवेना. “अक्का, खांब पडला तर तुम्हीच जिंकणार ना? मग गोधड्या कशाला?”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. “मला हे घरात पाहिजेत, बाई. पण असे मान खाली घालून नकोत.”

सव्वीसला सकाळी धुकं. अख्खं गाव जमलेलं. हेडसरांनी टेकू काढायला लावले, फोटोत नकोत म्हणून. गोधड्याही काढल्या. नाना आपले खांबाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांनी खांब धरला. लोकांना वाटलं, मानकरी असतील.

पाहुण्या बाईंनी दोरी ओढली. गाठ सुटेना! त्यांनी हिसका दिला. खांब कुरकुरला. दुसरा हिसका. नानांनी दात आवळले. तिसऱ्या हिसक्याला गाठ सुटली, झेंडा फडकला, आणि फुलांच्या सगळ्या पाकळ्या नानांच्या टोपीवर पडल्या. टाळ्यांचा कडकडाट! मी श्वास सोडणार, तेवढ्यात हेडसर ओरडले, “राष्ट्रगीत सुरू करेंगे, सुरू कर!”

आणि नानांनी दोन्ही हात सोडले. सावधान! छाती पुढे, हात मांडीला, नजर समोर. वारा सुटला होता, वर झेंडा ताडताड वाजत होता. बायकांच्या रांगेत अक्का डोळे मिटून उभ्या, पिशवी छातीशी धरलेली. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं असतं म्हणतात. माझा नाही विश्वास.

‘जय हे’ झालं. खांब जिथल्या तिथे. रांग मोडायच्या आधीच अक्का निघाल्या, नानांच्या टोपीवरच्या पाकळ्या झटकल्या आणि पिशवीतली थापी काढून त्यांच्या हातात ठेवली.

हेडसर मात्र त्या थंडीत कपाळाचा घाम पुसत आले. “अहो नाना, हात का सोडले? पडला असता म्हणजे?”

नानांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही हेडसरच कधी शाळेत गेलेले नाहीत.

“राष्ट्रगीतमा कोनी हालत नही, सर,” खांबावर थाप मारत नाना म्हणाले. “त्याले बी माहीत शे!”